डेबियनचं पॅकेज भांडार: कोकणातल्या पावसाळ्यात कितपत तग धरतं?

लिनक्स कुठलं घ्यावं असं कुणी विचारलं की उत्तरं बहुधा डेस्कटॉप कसा दिसतो यावरच येतात. खरं पाहायला हवं ते भांडार, म्हणजे त्या लिनक्ससाठी बांधून ठेवलेल्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांचा, पॅकेजांचा साठा. सॉफ्टवेअर कुठून येतं, ते पॅकेज कुणी बांधलं, आणि अपडेट अर्ध्यावर असताना लाईट गेली तर मशीनचं काय होतं? रत्नागिरी-सिंधुदुर्गातली शाळा, वाचनालय, पतसंस्था, आंबा व्यापाऱ्याचं ऑफिस, तारकर्लीचं होमस्टे, कुठल्याही ठिकाणी जूनपासून सप्टेंबरपर्यंत हेच तीन प्रश्न महत्त्वाचे असतात. हा आढावा डेबियन या लिनक्सच्या स्थिर, म्हणजे ‘स्टेबल’ आवृत्तीच्या भांडाराचा आहे. आर्च लिनक्सचं लोकांनी भरलेलं एयूआर, कुठल्याही लिनक्सवर चालणाऱ्या ॲपचं फ्लॅटहब आणि उबुंटू लिनक्सची पीपीए ही खासगी भांडारं यांनाही तीच कसोटी लावली आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. रोजच्या कामाच्या मशीनवर डेबियन स्टेबल, पाचपैकी साडेचार. फ्लॅटहबला साडेतीन, तेही डेटा परवडत असेल तर. एयूआर उत्तम आहे, पण बांधणीची फाइल वाचता येणाऱ्यालाच. पीपीए शक्यतो नकोच.

डेबियन १३, म्हणजे ‘ट्रिक्सी’, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तिच्यात जवळपास सत्तर हजार पॅकेजं आहेत आणि ती बांधणारे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत. बांधायचं म्हणजे काय करायचं, तर मूळ लेखकाच्या सोर्स कोडमध्ये ‘डेबियन’ नावाचं एक फोल्डर घालायचं. त्यातली ‘कंट्रोल’ फाइल सांगते की हे पॅकेज आणखी कशाकशावर अवलंबून आहे. ‘रूल्स’मध्ये बांधणीची कृती असते, ‘चेंजलॉग’मध्ये काय बदललं ते, ‘कॉपीराइट’मध्ये प्रत्येक फाइलचा परवाना, आणि ‘वॉच’ फाइल मूळ लेखकानं नवी आवृत्ती काढली की नाही यावर नजर ठेवते. अगदी नवीन पॅकेज असेल तर परवाने तपासणारी माणसं ते स्वतः डोळ्यांखालून घालतात, त्यात कधी कधी आठवडे जातात. मग ते ‘अनस्टेबल’मध्ये पडतं. तिथे निकडीप्रमाणे दोन, पाच किंवा दहा दिवस थांबतं, आणि मोठा नवा दोष निघाला नाही तरच ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं. साधारण दोन वर्षांनी सगळं गोठवून, गंभीर दोष निस्तरून ‘स्टेबल’ निघते. पुढे तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या आणि त्यानंतर एलटीएसची, म्हणजे लांबवलेल्या देखभालीची दोन, अशी पाच वर्षं त्या मशीनकडे निर्धास्त पाहता येतं.

ही संथ चाल कामाची आहे, याचा दाखला मार्च २०२४ मध्ये मिळाला. ‘एक्सझेड’ या दाबणी करणाऱ्या छोट्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम चोरदरवाजा घातलेला होता. दुसऱ्या मशीनवर दुरून शिरण्याच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याच्या मागे लागून अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनं तो शोधला आणि २९ मार्चला जाहीर केला. तोवर ते पॅकेज डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये पोचलं होतं. स्टेबलमध्ये पोचलं नव्हतं. उलट बाजूही सांगायला हवी. २००६ मध्ये डेबियनच्याच पॅकेजमध्ये ओपनएसएसएल या सुरक्षेच्या किल्ल्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दोन ओळी बंद केल्या गेल्या आणि त्यामुळे तयार होणाऱ्या किल्ल्या जेमतेम बत्तीस हजारांच्या घरातल्या, म्हणजे ओळखता येण्याजोग्या झाल्या. हे उघडकीस यायला मे २००८ उजाडलं. पॅकेज बांधणारा मूळ कोडला हात लावतो तेव्हा जबाबदारीही त्याच्या अंगावर येते, आणि डेबियन चुका जाहीरपणे मांडतं म्हणून या गोष्टी आज आपल्याला माहीत आहेत.

आता लाईटचं. इथे डेबियन मनापासून आवडतं.

पॅकेजं आणून बसवणारं डेबियनचं साधन ‘एपीटी’ तीन टप्प्यांत काम करतं: आधी उतरवणं, मग उलगडणं, मग जुळवणी. उतरवताना लाईट किंवा रेंज गेली तर काहीच बिघडत नाही. अर्धवट फाइल ‘पार्शल’ फोल्डरमध्ये राहते आणि पुढच्या वेळी तिथूनच पुढे चालू होते. उलगडताना गेली तरी एपीटीच्या हाताखालचं ‘डीपीकेजी’ नवी फाइल आधी बाजूला वेगळ्या नावानं लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच जुनीच्या जागी सरकवतं, म्हणून अर्धी लिहिलेली फाइल सहसा वाट्याला येत नाही. जुळवणीत गेली तर मशीन पुन्हा चालू करून एपीटी चालवल्यावर ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ असा संदेश दिसतो. घाबरायचं कारण नाही. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, मग पुन्हा ‘सुडो एपीटी अपग्रेड’. दहातल्या नऊ वेळा एवढ्यावर भागतं.

दहाव्या वेळी काय होतं तेही माहीत असावं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बसताना ‘इनिटरामएफएस’ नावाची, मशीन सुरू होताना लागणारी फाइल तयार होते, जुन्या मशीनवर तिला मिनिटभर तरी लागतं, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली तर मशीन सुरूच होत नाही. मशीन सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुना कर्नल निवडायचा, तो डेबियन ठेवून देतं. आत आल्यावर ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल’. पॅकेजांची नोंदवहीच खराब झाली असेल, म्हणजे ‘स्टेटस’ फाइल वाचता येत नाही अशी तक्रार असेल, तर तिच्याच शेजारी ‘स्टेटस-ओल्ड’ असते आणि ‘/व्हार/बॅकअप्स’ फोल्डरमध्ये रोजच्या प्रतीही असतात. खराब फाइल बाजूला काढून जुनी तिच्या जागी ठेवायची. एक गोष्ट मात्र करू नये: दुसरं एपीटी चालू आहे म्हणून लॉक लागलं असेल तर लॉकची फाइल पुसणं. पार्श्वभूमीला आपोआप अपडेट चालू असतं, त्याला पाच-दहा मिनिटं द्यावीत. लॉक पुसून दोन एपीटी एकाच वेळी चालवली तर जे बिघडतं ते वरच्या तीन कमांडनी सुधारत नाही.

आपोआप अपडेट करणाऱ्या ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ पॅकेजमध्ये ‘ओन्ली ऑन एसी पॉवर’ अशी सोय असते, म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर असेल तर ते हात लावत नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटसारखं मोजून मिळणारं कनेक्शन असेल तरीही थांबतं. डेस्कटॉपला मात्र यूपीएस हवाच. घरचा इन्व्हर्टर पुरेल असं समजू नये, बदल होतानाचा झटका काही मशीनना सोसत नाही.

लाईट परत आल्यावरचा एक दोष इकडे वारंवार दिसतो आणि लोक उगाच इंटरनेटवाल्याला फोन लावतात. ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ असा संदेश आला तर दोष लाईनचा नसतो, मशीनच्या घड्याळाचा असतो. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही बटणसेल संपलेली असते, खाऱ्या हवेनं तिचे टोकही हिरवे पडतात, आणि लाईट गेली की तारीख मागे जाते. भांडाराच्या यादीवर सहीबरोबर तारीख असते. मशीनच्या मते ती यादी भविष्यातली ठरते आणि एपीटी ती नाकारतं. सेल बदलावी, टोकं साफ करावीत, आणि ‘टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’ करून घड्याळ जुळवून घ्यावं. नाकारलं ते योग्यच आहे हेही ध्यानात घ्यावं: डेबियनची सुरक्षा वाटेवरच्या कुलपावर नाही, यादीवरच्या सहीवर आणि प्रत्येक पॅकेजच्या चेकसमवर, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडणाऱ्या आकड्यावर, उभी आहे. म्हणूनच पॅकेज कुणाच्याही हातून, पेनड्राइव्हवरूनसुद्धा आलं तरी चालतं.

पेनड्राइव्हचं हे तर खास आपल्यासाठीच असावं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत वीज आणि नेटवर्क दोन्ही बरेच दिवस नव्हतं. घाटमाथ्याला लागून असलेल्या वाड्यांमध्ये एरवीही रेंज टेकडीवर जाऊन शोधावी लागते. अशा मशीनसाठी ‘एपीटी-ऑफलाइन’ पॅकेज आहे. नेट नसलेल्या मशीनवर ‘एपीटी-ऑफलाइन सेट’ चालवलं की काय काय लागतं त्याची छोटी फाइल तयार होते. ती पेनड्राइव्हवर घेऊन कणकवलीत किंवा चिपळूणात जिथे नेट आहे तिथे ‘एपीटी-ऑफलाइन गेट’ चालवायचं, ‘--बंडल’ देऊन सगळं एका झिपमध्ये घ्यायचं. परत येऊन ‘एपीटी-ऑफलाइन इन्स्टॉल’. पहिल्या फेरीत बहुधा नव्या याद्याच येतात, तेव्हा पॅकेजांसाठी तीच फेरी पुन्हा करायची आणि मग नेहमीसारखं अपग्रेड. नेटवालं मशीन डेबियनच हवं असं नाही. दोन ठिकाणी लोक अडतात. पेनड्राइव्ह फॅट ३२ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसत नाही. आणि यादी काढल्यावर महिनाभर पेनड्राइव्ह खिशात फिरत राहिली तर भांडारातून जुन्या आवृत्त्या काढल्या जातात आणि ‘४०४’ येतं. दोन-तीन दिवसांत फेरी पूर्ण करावी.

शाळेच्या लॅबसाठी वेगळा उपाय. पंधरा मशीन असतील आणि महिन्याचं अपडेट ३०० एमबीचं असेल तर साडेचार जीबी खर्च होतात. एका मशीनवर ‘एपीटी-कॅशर-एनजी’ घाला. ते ३१४२ या पोर्टवर बसतं. बाकीच्या मशीनच्या एपीटी सेटिंगमध्ये त्याचा पत्ता प्रॉक्सी म्हणून एका ओळीत द्या. मग ३०० एमबी एकदाच उतरतात, उरलेल्या चौदा मशीनना आतल्या आत मिळतात. अट एवढीच की भांडाराचे पत्ते साधे एचटीटीपी हवेत. एचटीटीपीएस असले तर मधलं मशीन काही साठवू शकत नाही. कॅशवालं मशीन बंद असेल तर सगळ्यांचं अपडेट अडतं, तेव्हा ते सरांच्या टेबलावरचं, यूपीएसवालंच निवडावं.

मराठीच्या बाबतीत भांडार चांगलं आहे, पण शोधावं लागतं. ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’ घातलं की मूलभूत गोष्टी येतात. टायपिंगसाठी ‘आयबस-एम१७एन’, त्यात इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात. लिबरऑफिसची मराठी पॅकेजं वेगळी आहेत, फायरफॉक्सचंही वेगळं. जुने कागद स्कॅन करून मजकूर काढायला ‘टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर’ हे पॅकेज आहे, आणि ग्रंथालयांनी ते जरूर वापरून पाहावं. फॉन्टमध्ये एक बारकावा आहे: मराठीतला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. नेहमीच्या लोहित देवनागरीत दस्तऐवजाची भाषा मराठी लावलेली नसेल तर हिंदी वळण येतं. म्हणून ‘फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी’ असं वेगळं पॅकेज कुणीतरी बांधून ठेवलंय. अशी पॅकेजं पाहिली की बांधणाऱ्याबद्दल आदर वाटतो. स्पेलिंग तपासणं मात्र कमी पडतं. ‘ॲस्पेल-एमआर’ आहे, पण मराठीतले विभक्ती-प्रत्यय लागलेले शब्द त्याला फारसे कळत नाहीत, आणि पान लाल रेषांनी भरतं. ‘ऱ्य’ही नीट सांभाळावा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक डोळ्यांना दिसतो, पण ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि एका तऱ्हेनं लिहिलेलं दुसऱ्या तऱ्हेनं शोधल्यास सापडत नाही. ऑफिसात सगळ्यांनी एकच कीबोर्ड मांडणी ठरवून घ्यावी.

प्रिंटरचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे, कारण भांडाराची सीमा कुठे संपते ते त्यातून नेमकं कळतं. एचपी लेझरजेट १०२० हा प्रिंटर इकडे झेरॉक्सच्या दुकानापासून ग्रामपंचायतीपर्यंत सर्रास दिसतो. त्याला स्वतःची कायमची स्मृती नाही. बटण बंद केलं की फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, जातं आणि प्रत्येक वेळी संगणकानं ते पुन्हा पाठवावं लागतं. ‘एचपीलिप’ हे पॅकेज डेबियनमध्ये आहे, पण फर्मवेअर असलेला प्लगइन खुला नाही, त्यामुळे तो भांडारात नाही. ‘एचपी-प्लगइन’ कमांड तो वेगळा उतरवते. आता अडचण अशी की प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. डेबियनची आवृत्ती वाढवली, त्यात एचपीलिप बदललं, आणि सोमवारी सकाळी दाखला छापायला घेतला की प्रिंटर गप्प. ‘एचपी-प्लगइन’ पुन्हा चालवलं की सुटतं, पण त्याला नेट लागतं. मोठं अपग्रेड करणार असाल तर त्याच बैठकीत हे उरकावं.

इतर भांडारांकडे येऊ. एयूआरमध्ये कुणीही खातं काढून बांधणीची कृती टाकू शकतं. कृती म्हणजे ‘पीकेजीबिल्ड’ ही एक फाइल. ‘मेकपीकेजी’ ती वाचून तुमच्याच मशीनवर पॅकेज बांधतं. जगात जे कुठे सापडत नाही ते इथे सापडतं, हे खरंच आहे. पण पेटीवर ‘देवगड’ छापलंय म्हणून आतला आंबा देवगडचा ठरत नाही. जुलै २०१८ मध्ये बेवारस झालेलं एक पीडीएफ वाचकाचं पॅकेज भलत्यानं दत्तक घेऊन त्यात घातक कोड घातला. जुलै २०२५ मध्ये ‘लिबरवुल्फ-फिक्स-बिन’ आणि ‘फायरफॉक्स-पॅच-बिन’ अशा ओळखीच्या वाटणाऱ्या नावांनी मशीनचा ताबा घेणारा मालवेअर आला. म्हणून एयूआरमधून पॅकेज घालून देणारं ‘याय’ किंवा ‘पारू’ हे साधन फाइल दाखवतं तेव्हा एंटर मारून पुढे जाऊ नये. ‘सोर्स’चा पत्ता मूळ प्रकल्पाचाच आहे का, चेकसमच्या जागी ‘स्किप’ का लिहिलंय, ‘.इन्स्टॉल’ फाइल आहे का आणि ती काय चालवते, एवढं वाचायला दोन मिनिटं लागतात. गिटवरून थेट येणाऱ्या सोर्सला ‘स्किप’ रास्त असतो, एका झिपला नसतो.

होमस्टेवाल्यांनी आर्च टाळावं, याचं कारण अगदी साधं आहे. जूनमध्ये बंद केलेलं मशीन गणपतीनंतर उघडलं की सह्यांच्या किल्ल्या जुन्या झालेल्या असतात आणि ‘पीजीपी सिग्नेचर’च्या चुका येतात. आधी ‘आर्चलिनक्स-कीरिंग’ अद्ययावत करून लगेच पूर्ण अपग्रेड करावं लागतं, आणि तीन-चार महिन्यांचं ते अपग्रेड गिगाबाइटांत जातं. डेबियन स्टेबलवर तेवढ्याच काळातल्या सुरक्षा दुरुस्त्या तेवढ्या उतरतात.

फ्लॅटहब लाईटच्या कसोटीत पहिला येतो. तिथलं अपडेट पूर्ण उतरल्याखेरीज लागूच होत नाही, मधे लाईट गेली तर जुनी आवृत्ती तशीच चालू राहते. डेटाच्या कसोटीत मात्र तो मागे पडतो: पहिलं ॲप घालताना त्याच्याबरोबर ‘रनटाइम’, म्हणजे ॲप चालायला लागणारा पाया, येतं आणि काहीशे एमबी उडतात. गिम्प, इंकस्केप असं एखादं नवं हवं असेल तर जरूर घ्यावं, ते मूळ प्रकल्पाकडूनच आल्याची निळी खूण पाहून. पीपीए म्हणजे एका माणसाचं दुकान. तो कंटाळला की दुकान बंद, आणि उबुंटूची आवृत्ती वाढवताना तिथली पॅकेजं अडकून बसतात. डेबियनवर तर पीपीए घालूच नये. नवी आवृत्ती हवी असेल तर ‘ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स’ आहे. तिथली पॅकेजं टेस्टिंगमधून घेऊन स्टेबलसाठी पुन्हा बांधलेली असतात.

डेबियनला पूर्ण पाच का दिले नाहीत? एक तर १३ मध्ये ३२ बिट मशीनसाठी इन्स्टॉलरच उरला नाही. शाळांतून मिळालेली जुनी ॲटम नेटबुकं यात अडकतात. पण आधी ‘एलएससीपीयू’ चालवून ‘सीपीयू ऑप-मोड’ पाहावं. कोअर टू ड्युओसारखी कित्येक मशीन जुनी असली तरी ६४ बिट असतात, त्यांच्यावर केवळ पूर्वी ३२ बिट सिस्टम घातलेली असते. खरोखर ३२ बिट असेल तर १२ वरच राहावं, तिच्या एलटीएस दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत आहेत.

दुसरं, बेवारस पॅकेजं. सत्तर हजारांत काहींना आज कुणी वाली नाही, आणि सॉफ्टवेअर निवडायच्या ॲपमधल्या चित्रमय यादीत ते कळत नाही. ‘डेव्हस्क्रिप्ट्स’ घालून ‘डब्ल्यूएनपीपी-अलर्ट’ चालवलं की तुमच्या मशीनवरची अशी पॅकेजं समोर येतात. हे दर सहा महिन्यांनी करावं.

तिसरं, दोष कळवण्याची पद्धत अजून ईमेलवरच चालते. ‘रिपोर्टबग’ प्रश्न विचारत जातं, पॅकेजची आवृत्ती आपणच भरतं आणि मेल पाठवतं. मेलची जुळणी केलेली नसेल तर रिपोर्टबगनं तयार केलेला मजकूर नेहमीच्या मेलमध्ये चिकटवून पाठवला तरी चालतो, फक्त वरच्या ‘पॅकेज’ आणि ‘व्हर्जन’ या ओळी जशाच्या तशा ठेवाव्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक परिषद कोचीला झाली, आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर. तरी मराठीच्या चुका कळवणारे अजून फार थोडे आहेत. जोडाक्षर तुटतंय असं कळवायचं असेल तर इंग्रजीत दोन ओळी, तुटलेल्या अक्षराचा स्क्रीनशॉट, आणि ते कसं दिसायला हवं याचं हातानं लिहून काढलेलं चित्र, असं तिन्ही जोडावं. पलीकडे बसलेल्या पॅकेजरला देवनागरी वाचता येत असेलच असं नाही.